व्हीलचेअरवरून गुलाब करायचे तर वाफा किती उंच हवा?

गुलाबासाठी उंच वाफा बांधायचाय असं कुणालाही म्हटलं की व्हॉट्सॲपवर धडाधड फोटो येतात. कमरेएवढ्या लाकडी पेट्या, खाली पाय, व्हीलचेअर सरळ आत घुसतीये आणि वर कोथिंबीर नाहीतर लेट्यूस. छान असतात त्या पेट्या, पण भाजीसाठी. गुलाबाला तेच माप लावलं तर बसलेला माणूस खाली राहतो आणि फूल डोक्यावर जातं, आणि हे कुणी सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमच्या घरात दोन माणसांसाठी हे करायचं होतं. बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, डावी बाजू गेली, उजवा हात चांगला आहे, पण दिवसभर व्हीलचेअर. आणि आईचे गुडघे, म्हणजे ती काठी घेऊन चालते, उभी राहते, पण वाकणं नाही आणि उकिडवं बसणं तर कधीच बंद झालंय. दोघंही पक्के गुलाबवाले. नाशिकला मुघलांच्या काळात गुलशनाबाद म्हणायचे हे बाबा घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात आणि सांगून झालं की त्याला बागेत नेतात. ती बाग झटक्यानंतर त्यांना नुसती व्हरांड्यातून बघावी लागत होती आणि ते मला बघवत नव्हतं.

तर उंचीचा हिशोब. हायब्रिड टी गुलाब, म्हणजे एका दांडीवर एक मोठं फूल येतं तो, ऑक्टोबरमध्ये छाटून फुटावर आणला तरी त्याच्यावर दीड ते अडीच फुटांची दांडी वाढते आणि टोकाला फूल येतं. म्हणजे मातीपासून अडीच ते साडेतीन फुटांवर. आता माती अडीच फूट उंच पेटीत असली तर फूल गेलं पाच-सहा फुटांवर. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतात. त्याला फुलाची फक्त खालची हिरवी बाजू दिसणार, वास येणार नाही, आणि कात्री धरलेला हात खांद्याच्या वर धरून ठेवावा लागणार, जो चांगल्या माणसाचाही दोन मिनिटांत भरून येतो.

मग वाफा बुटकाच ठेवायचा का, तर तसंही नाही. बसल्या जागेवरून बाजूला हात खाली सोडला की तो आरामात पोचतो साधारण १५ इंचांपर्यंत. त्याच्या खाली काही उचलायचं म्हटलं की माणूस खुर्चीतून कलतो, आणि ज्याची एक बाजू लुळी आहे तो एकदा कलला की स्वतःला परत सरळ करू शकत नाही. म्हणजे खालची हद्द हातानं ठरवली आणि वरची हद्द फुलानं, आणि या दोन्हीच्या मधे बाबांच्या वाफ्याची माती आली सव्वा फुटावर. छाटणीची जागा सव्वादोन फुटांवर, म्हणजे खुर्चीच्या हातापेक्षा किंचित खाली, आणि फूल पावणेचार ते पावणेपाच फुटांवर, म्हणजे नाकासमोर किंवा थोडं वर. थोडं वर असलेलं चालतं, दांडी हळूच ओढून खाली घेता येते.

आईचं उलटं. ती उभ्यानं काम करणार, तिला वाकायचं नाहीये, म्हणून तिचा वाफा उंच, सव्वादोन फूट. पण त्यात हायब्रिड टी नाहीत. तिच्या वाफ्यात बुटके फ्लोरिबंडा, म्हणजे झुबक्यानं फुलणारे, आणि मिनिएचर, जे फूट-दोन फूट वाढतात, म्हणजे फुलं सव्वातीन-सव्वाचार फुटांवर येतात आणि माती तिच्या हाताशी राहते. मिस्त्रींना हे पटेचना. "ताई, खुर्चीवाल्यांचा खाली आणि उभं राहणाऱ्यांचा वर? उलटं झालं की," असं ते दोनदा म्हणाले, मग मी बाबांची खुर्ची आणून तिथे उभी केली, मिस्त्रींच्या हातात टेप दिली आणि खुर्चीत बसून कुंडीतलं झाड छाटायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मापं फोटोतून घेऊ नका, ज्याच्यासाठी करताय त्याला तिथे बसवा, हातात कात्री द्या आणि हात कुठपर्यंत जातो, कुठे दमतो ते बघून भिंतीवर खडूनं खुणा करा.

रुंदीचं पण असंच आहे. पुस्तकी माप असं की एका बाजूनं काम करायचं असेल तर वाफा दोन फुटांपेक्षा रुंद नको आणि दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर चार फूट चालेल. भाजीला ठीक. गुलाबात मात्र पुढच्या झाडावरून वाकून मागच्या झाडाला हात घालायचा म्हणजे कोपरापर्यंत ओरखडे. म्हणून गुलाबाची एकच ओळ. वाफा दोन फूट रुंद, झाडं बरोबर मधोमध, दोन्ही काठांपासून फूटभर आत, दोन झाडांत अडीच फूट अंतर. नर्सरीवाले दीड-दोन फूट सांगतात, पण दोन झाडांच्या मधे हात बिनधास्त घालता आला पाहिजे, आणि नाशिकच्या पावसात झाडांमधून वारा खेळला तर पानांवर बुरशीचे काळे ठिपके पण कमी येतात. दहा फुटांच्या वाफ्यात चारच झाडं बसतात म्हणून बाबा सुरुवातीला नाराज होते. आता प्रत्येक झाडाशी त्यांचं वेगळं बोलणं चालतं त्यामुळे चार पुरतात.

वाफ्याची लांबीसुद्धा दहा फुटांच्या पुढे नेऊ नका, कारण खुर्चीला वळसा घालून यावं लागतं. आणि इथे एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाबांचा उजवा हात चालतो, म्हणजे वाफा कायम उजव्या बाजूला हवा. वाफ्याला समोरून भिडायचं तर पाय मधे येतात, म्हणून खुर्ची वाफ्याला समांतर लावायची आणि बाजूनं काम करायचं. मग वाट अशी पाहिजे की खुर्ची सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढेच जात राहील, उलटी घ्यावी लागणार नाही, आणि वाफा उजवीकडेच राहील. आपण देवाला घालतो तीच प्रदक्षिणा, देव उजव्या हाताला. बाबांचा वाफा म्हणून अंगणाच्या मधोमध सुटा बांधला, कंपाउंडच्या भिंतीला चिकटवला नाही. कुणाचा डावा हात चांगला असेल तर सगळं उलटं करा, पण हे आधी ठरवा, बांधकाम झाल्यावर काही करता येत नाही.

वाट चार फूट. तीन फुटांत खुर्ची जाते, पण शेजारी मदतीचं माणूस चालू शकत नाही आणि गुलाबाची फांदी वाटेवर आली की संपलं. जिथे पूर्ण वळायचंय तिथे पाच फूट मोकळे हवेत. व्हरांड्यातून खाली यायला रॅम्प, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, ह्याच्यात अजिबात काटकसर नको, जागा नसेल तर मधे वळवून घ्या. वरती खडी नको, लॉन नको, पेव्हर ब्लॉकच्या फटी नकोत. आम्ही कोबा केला आणि ओला असताना खराट्यानं आडव्या रेघा मारून घेतल्या. जूनपासून शेवाळं धरतं ते मात्र घासत राहावं लागतं, आईच्या काठीसाठी तर फारच.

आता भिंती. आईचा वाफा उंच, आत ओल्या मातीचा दाब, त्यात आई एक हात काठावर टेकून उभी राहणार, म्हणून नऊ इंची विटांचं बांधकाम. साडेचार इंची भिंत एवढ्या उंचीला पावसाळ्यात पोट काढते. खाली पाणी जायला दर दोन-तीन फुटांवर पाईपचे तुकडे टाकून घेतले, आतून त्यांच्या तोंडाशी खडी. कोकणात असता तर मी जांभा सांगितला असता, इथे विटाच. काठावर काय बसवायचं ह्यावर घरात बरीच चर्चा झाली. काळा कडप्पा दिसतो सुंदर, पण एप्रिलमध्ये दुपारी तीनला काळ्या कडप्प्यावर हात टेकून बघा. आणि ज्याला एका बाजूला संवेदना कमी आहे त्याला चटका बसलेला कळतही नाही. म्हणून फिक्या रंगाची शहाबादी, कडा गोल घासून घेतलेल्या, फूटभर रुंद. फूटभर अशासाठी की तिथे पाण्याची बाटली, कात्री, चहाचा कप ठेवता येतो. आईसाठी तिच्या वाफ्याच्या टोकाला दीड फूट उंचीचा कट्टा जोडून घेतलाय, काम करता करता टेकायला. दीड फूट म्हणजे गुडघ्याला उठताना फार जोर द्यावा लागत नाही, आणि उठताना धरायला वाफ्याचा काठ असतोच.

नवीन सिमेंट आणि गुलाब ह्यांचं लगेच जमत नाही हे पण लक्षात ठेवा. ताज्या प्लास्टरमधून चुना उतरतो आणि गुलाबाला माती किंचित आंबट लागते, पीएच ६ ते ६.५ च्या आसपास. म्हणून भिंतींना नीट पाणी मारून, दोन-तीनदा वाफा धुवून काढून मगच माती भरायची. त्यात आपलं बोअरचं पाणी जड, त्यामुळे नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं की ते लोह कमी पडल्याचं लक्षण, चिलेटेड फेरस द्यावं लागतं.

बाबांच्या वाफ्याला तळ नाहीये, खाली थेट जमीन. हे मुद्दाम. गुलाबाच्या मुळांना किमान दीड फूट मोकळी माती लागते आणि वाफा सव्वा फुटाचाच आहे, म्हणून आधी खालची जमीन टिकावानं फूटभर खणून मोकळी केली आणि त्यावर वाफा भरला. नुसती काळी माती भरू नका. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात तडकते, पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. आम्ही लाल माती, जुनं कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू असं मिश्रण केलं आणि झाड लावताना खड्ड्यात निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा. पहिल्या पावसाळ्यात माती दोन-तीन इंच खाली बसते, वरून भर घालावी लागते. तेव्हा डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलमाचा जोड, मातीत गाडली जाणार नाही एवढं बघा, ती गाठ दोन बोटं वर दिसली पाहिजे. गाठीच्या खालून जे फुटवे येतात ते रानटी, ते बसल्या जागेवरून दिसायला आणि मुळापासून ओढायला सोपे जातात हा उंच वाफ्याचा मोठाच फायदा आहे. जमिनीवरच्या झाडाचे हे फुटवे ज्यांना वाकता येत नाही त्यांच्या लक्षातच येत नाहीत आणि मग दोन वर्षांनी कलम जातं आणि नुसतं रानटी झाड उरतं.

फ्लॅटवाले विचारतील गच्चीवर होईल का. कृपा करून विटांचा वाफा गच्चीवर बांधू नका. ओल्या मातीचा घनमीटर दीड-पावणेदोन टन भरतो, म्हणजे फूटभर थर दिला तरी चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास, आणि आपल्याकडे साध्या घरांच्या गच्चीचं डिझाईन चौरस मीटरला १५० किलोच्या हिशोबानं केलेलं असतं. वरती मोठ्या ग्रो बॅगा, कोकोपीट जास्त घालून हलकं केलेलं मिश्रण, आणि त्या कुठे ठेवायच्या हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. मिनिएचर गुलाब त्यात मस्त होतात.

जाती निवडताना बाबा आणि मी बराच वेळ घालवला, हा भाग सगळ्यात आनंदाचा होता. क्वीन एलिझाबेथ आमच्याकडे आधी होता, पण तो सहा फूट सहज जातो, व्हीलचेअरवाल्याच्या कामाचा नाही. ग्लॅडिएटर तसाच, जोरदार आणि काटेरी. आम्ही सरळ वर वाढणारे घेतले, पसरणाऱ्या फांद्या वाटेवर येतात आणि खुर्ची ढकलणाऱ्याच्या हाताला लागतात. डबल डिलाइट बाबांच्या हट्टानं आला, तो वासाला अप्रतिम, मलईवर लाल कडा आणि ऊन लागेल तसा लाल पसरत जातो. आईकडे आइसबर्ग, १९५८ सालचा जर्मन फ्लोरिबंडा, पांढरा झुबका, काटे त्यामानानं कमी आणि आपल्या हवेत दणकट. तिला मोहिनी पण हवा होता, तो विटकरी तपकिरी रंगाचा, आपल्या दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटमधला. तिथे डॉ. बी. पी. पाल होते, गव्हावर काम करणारे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, आणि गुलाबाचे एवढे वेडे की कितीतरी भारतीय जाती त्यांच्या हातच्या. बाबा त्यांच्याबद्दल तासभर बोलू शकतात. बिनकाट्याचा गुलाब घ्या असंही बरेच जण सुचवतात. झेफिरीन ड्रूआं नावाचा १८६८ चा एक वेल गुलाब आहे तसा, पण काळ्या ठिपक्यांना तो लगेच बळी पडतो, आपल्या चार महिन्यांच्या पावसात त्याच्या नादी लागू नये. गुलकंदाचा गावठी गुलाब मात्र आईनं कुंपणाशी जमिनीवरच ठेवलाय, तो कसाही वाढतो आणि त्याला फारसं काही करावंही लागत नाही.

हत्यारांवर खर्च करा, शोभेवर नको. एका हातानं गुलाब कापताना खरी अडचण कापायची नसते, कापल्यावर फूल खाली पडतं ही असते, कारण दुसरा हात दांडी धरायला नाही. त्यासाठी कट अँड होल्ड कात्री मिळते, तिच्या पात्याच्या शेजारी एक चिमटा असतो, कापलं की दांडी त्यातच धरलेली राहते. बाबांना ती पहिल्यांदा दिली तेव्हा त्यांनी डबल डिलाइटची सुकलेली फुलं आधी घेतली. पाच छोट्या पानांच्या पहिल्या पानापर्यंत खाली आले, बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा, म्हणजे जिथून नवीन फुटवा निघतो ती जागा, बोटानं चाचपला, त्याच्या पाव इंच वर कात्री तिरकी लावली आणि हळू दाबली. फूल पडलं नाही, कात्रीतच राहिलं, त्यांनी ते मांडीवरच्या ट्रेमध्ये आणून सोडलं आणि लगेच पुढची दांडी. मला काही विचारलं नाही, मदत मागितली नाही. आई तिच्या वाफ्याशी उभी होती, ती म्हणाली, "अहो, सगळी आजच संपवू नका, उद्याला ठेवा थोडी."

जाड फांद्यांना रॅचेटवाली कात्री, ती टप्प्याटप्प्यानं दाबते, पकड कमी असली तरी चालतं. आणि नाशिककरांना एक खास सांगणं, द्राक्षाच्या घडांची विरळणी करायची जी छोटी टोकदार कात्री असते ना, ती मिनिएचर गुलाबाची सुकलेली फुलं काढायला फार उत्तम. वजनाला काहीच नाही, आईची बोटं सांध्यांनी दुखतात तरी ती अर्धा तास वापरते. द्राक्षवाल्यांच्या कुठल्याही दुकानात मिळेल.

काट्यांचं हलक्यात घेऊ नका. काटा लागून स्पोरोट्रायकोसिस नावाचं बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं, त्याला गुलाबवाल्यांचा आजार असंच म्हणतात, आणि ज्यांना शुगर आहे त्यांची साधी जखमही लवकर भरत नाही. बाबांच्या डाव्या हाताला स्पर्श कमी कळतो, तो खुर्चीच्या हातावर असतो आणि खुर्ची पुढे सरकताना फांदीला घासला तरी त्यांना समजत नाही. म्हणून डाव्या हातावर जाड कापडाची बाही घालायची, उजव्या हातात कोपरापर्यंतचा चामड्याचा मोजा, आणि आत आल्यावर दोन्ही हात धुताना नीट बघायचे. हे आमच्याकडे रोज होतं, कंटाळा न करता.

पाणी ड्रिपनंच. उंच वाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो, त्यात पश्चिमेच्या उन्हानं भिंत तापते, आणि पाईप ओढत फिरणं दोघांनाही शक्य नाही, शिवाय वाटेत पडलेला पाईप म्हणजे काठीवाल्याला पडायचं आमंत्रण. १६ एमएमची नळी, प्रत्येक झाडाला ताशी दोन लिटरचे दोन ड्रिपर, आणि व्हॉल्व्ह बाबांच्या हाताशी तीन फुटांवर. वरून उसाचं पाचट अंथरलंय, ओल टिकते, तण कमी, फक्त बुंध्याला चिकटू द्यायचं नाही.

मोठी छाटणी ऑक्टोबरात, म्हणजे इकडे द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू असते त्याच सुमारास. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, छाटल्यापासून साधारण दीड महिन्यात फुलं येतात. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे बागायतदारांचं प्रमाण, आपल्याला वाटीभर पुरते. ती लावली नाही तर कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली येते. बसलेल्या माणसासाठी छाटणी नेहमीपेक्षा थोडी खोल घ्या, फुटावर, कारण वर मांडलेला उंचीचा सगळा हिशोब त्यावर आहे. पेस्ट लावायचं काम बाबा ब्रशनं करतात आणि एकही टोक सोडत नाहीत.

आता बाबांना वेल गुलाब हवाय. कमानीवर चढवला तर फुलं आठ फुटांवर, म्हणून ते नको. पण वेल गुलाबाची फांदी आडवी बांधली की तिच्या प्रत्येक डोळ्यातून फुटवा निघतो आणि प्रत्येक फुटव्यावर फूल येतं, उभी सोडली तर फक्त शेंड्याला येतं. म्हणजे द्राक्षासारखे अँगल रोवून दोन आणि तीन फुटांवर दोन तारा ताणायच्या आणि फांद्या त्यावर आडव्या बांधत न्यायच्या, सगळं काम खुर्चीच्या हाताच्या उंचीवर. अँगल आणून ठेवलेत, कुठली जात लावायची ह्यावर आई आणि बाबांचं अजून एकमत नाही. नाशिक-पुण्याच्या हवेत कुणी आडवा वेल गुलाब केला असेल तर जात कुठली, आणि पावसाळ्यात पानं टिकली का, हे खाली नक्की लिहा.